रुपये किती गेले, दिरहम किती पोचले?

शिरोली एमआयडीसीतला फाउंड्रीवाला निर्यातीच्या डॉलरचा दर ठरवताना पाच पैशांसाठी बँकेला तीनदा फोन करतो. तोच माणूस दुबईत फ्लॅट घ्यायला निघाला, की बँक सांगेल त्या दराने मुकाट्याने सही करतो. बिल्डरकडून दोन टक्के सवलत मिळवण्यासाठी त्याने महिनाभर बोलणी केलेली असतात, आणि तेवढेच दोन टक्के चलन बदलताना एका दुपारी निघून जातात. हे मी नोकरीत असताना पुष्कळदा पाहिलं आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलं. कष्टाचे पैसे असे नकळत जाऊ नयेत, म्हणून हा लेख.

कोल्हापुरातल्या एका बँकेच्या परकीय चलन विभागात माझी नोकरी झाली. सुरुवातीला आमच्या टेबलावर मुख्यतः आत येणारा पैसा असे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या कास्टिंगचा आणि चपलांच्या निर्यातीचा. पुढे घरगुती पैसा बाहेर जाऊ लागला. आधी मुलांची शिक्षणाची फी, मग त्यांच्या तिकडच्या घराचं डिपॉझिट, आणि आता थेट दुबईतले फ्लॅट. आजही ओळखीची माणसं कागद घेऊन घरी येतात आणि विचारतात, "मॅडम, बँक चार्जेस किती पडतील?" त्यांच्या मनात कमिशन असतं. कमिशन हा या सगळ्यातला सर्वांत लहान आकडा आहे. मोठा आकडा दरात असतो, आणि तो पावतीवर वेगळा छापलेला नसतो.

आधी परवानगीची चौकट

भारतात राहणाऱ्या माणसाला परदेशी पैसे पाठवण्याची मुभा रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेने दिली. फेब्रुवारी २००४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा मर्यादा होती २५,००० डॉलर. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया घसरला, तेव्हा दरम्यान वाढलेली मर्यादा कमी करून ७५,००० डॉलरवर आणली गेली आणि परदेशात घर घेण्याची वाटच बंद झाली. २०१४ मध्ये ती पुन्हा खुली झाली. २०१५ पासून मर्यादा माणशी, दर आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर आहे.

नवरा-बायको दोघं मिळून पाच लाख डॉलर पाठवू शकतात, पण घर दोघांच्या नावावर हवं. ज्याचं नाव खरेदीखतात नाही, त्याची मर्यादा त्या घरासाठी जोडता येत नाही. मुलगी मँचेस्टरला घर घेते आहे आणि तुम्ही तिला हातभार लावताय, घरावर तुमचं नाव नाही, तर तुमचा पैसा ही भेट ठरते. तसं असेल तर तसंच लिहा. बँकेच्या ए-टू फॉर्मवर कारणाचा सांकेतिक क्रमांक असतो. परदेशातल्या स्थावर मालमत्तेसाठी एस०००५, वैयक्तिक भेटीसाठी एस१३०२. चुकीचा क्रमांक पुढे आयकराच्या वेळी त्रास देतो.

कोल्हापूरकरांना आणखी एक अडचण हमखास येते. आपल्याकडे घरातली पुंजी सहकारी बँकेत आणि पतसंस्थेत असते. परकीय चलनाचा पूर्ण परवाना काही मोठ्या सहकारी बँकांकडे आहे, बहुतेकांकडे नाही, आणि पतसंस्थांचा तर प्रश्नच नाही. म्हणजे पैसा आधी परवानाधारक बँकेत आणावा लागतो. मालमत्तेसाठी पैसे पाठवायचे तर त्या बँकेत तुमचं खातं किमान वर्षभर जुनं असावं, अशी अपेक्षा आहे. नवीन खातं असेल तर मागच्या वर्षाचे बँक उतारे, आयकर विवरणपत्र मागितलं जातं. या कामासाठी भारतातली बँक कर्जही देऊ शकत नाही. रिझर्व्ह बँकेची तशी सूचना आहे. घाईत खातं उघडणाऱ्याला दराबद्दल बोलायला तोंड उरत नाही. म्हणून परदेशात घर घ्यायचं मनात आलं, की आधी दोन बँकांत खाती सुरू करा. स्पर्धा असेल तरच दर हलतो.

दराच्या पोटातला खर्च

बँकेत रोज सकाळी दरपत्रक लागतं. त्याला आम्ही कार्ड रेट म्हणतो. तो छोट्या, किरकोळ व्यवहारांसाठी असतो. दिवसभरात बाजार हलला तरी बँकेला तोटा होऊ नये म्हणून त्यात भरपूर अंतर ठेवलेलं असतं. मोठ्या रकमेसाठी शाखा मुंबईच्या ट्रेझरीला फोन करून त्या क्षणाचा दर घेऊ शकते. निर्यातदाराला हे ठाऊक असतं आणि तो ट्रेझरीचा दरच मागतो. घर घेणारा कुटुंबप्रमुख मागत नाही, म्हणून त्याला कार्ड रेट लागतो. दोघांची रक्कम सारखी असली तरी दर वेगळा. फरक फक्त मागण्याचा.

आकड्यांत पाहू. हिशेबाच्या सोयीसाठी बाजारात डॉलर ९० रुपये धरा. तुम्हाला एक लाख डॉलर पाठवायचेत. बँकेने ९० रुपये २५ पैसे लावले तर दरातला खर्च २५,००० रुपये. ९१ रुपये लावले तर एक लाख. पावतीवर दोन्ही ठिकाणी कमिशन तेवढंच दिसेल, आणि कुणी म्हणेल, 'बँकेने हजार रुपयेच घेतले.'

रक्कम वाढते तसा पैशांचा फरक किती मोठा होतो, याचं एक उदाहरण आपल्या सगळ्यांच्या आस्थेच्या घराचं आहे. लंडनला १०, किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले. त्या शिक्षणाला आपल्या शाहू महाराजांचाही हातभार होता. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर सुमारे ३१ लाख पौंडांना विकत घेतलं. एवढ्या रकमेत पौंडामागे पन्नास पैशांचा फरक म्हणजे साडेपंधरा लाख रुपये. सरकारच्या खरेदीत कोणता दर लागला हा वेगळा विषय आहे, पण पन्नास पैसे ही किती मोठी रक्कम असू शकते, हे यावरून कळावं.

दुबईच्या बाबतीत दर तपासणं सर्वांत सोपं आहे, कारण १९९७ पासून दिरहम डॉलरशी बांधलेला आहे: एका डॉलरला ३.६७२५ दिरहम. त्यामुळे डॉलरच्या बाजारभावाला ३.६७२५ ने भागलं, की दिरहमचा खरा भाव मिळतो. डॉलर ९० असेल तर दिरहम जवळपास २४ रुपये ५१ पैसे. बँक २५ रुपये सांगत असेल, तर दिरहमामागे ४९ पैसे जास्त, म्हणजे दोन टक्के. दहा लाख दिरहमच्या फ्लॅटवर हे जवळजवळ पाच लाख रुपये होतात. दुबईत एजंटचं कमिशन साधारण दोन टक्के असतं आणि दुबई लँड डिपार्टमेंटची नोंदणी फी चार टक्के. एजंटच्या दोन टक्क्यांवर आपण वाद घालतो. दरातल्या दोन टक्क्यांवर कुणी बोलत नाही.

बाजारभाव कुठे पाहायचा? डॉलर, पौंड, युरो आणि येन यांचा संदर्भ दर एफबीआयएल ही संस्था कामकाजाच्या दिवशी दुपारी जाहीर करते. तो मोबाइलवर कुणालाही दिसतो. शिवाय क्लिअरिंग कॉर्पोरेशनने ऑगस्ट २०१९ मध्ये एफएक्स-रिटेल हा मंच सुरू केला, तो सामान्य ग्राहकाला थेट बाजारातल्या दराच्या जवळ डॉलर घेता यावा म्हणूनच. त्यावर तुमची नोंदणी तुमच्या बँकेमार्फत होते. बँक तिचं शुल्क वेगळं लावते, पण ते आधी सांगावं लागतं, आणि तिथेच सगळा फायदा आहे. शाखेत कुणाला याची माहिती नसेल तर लेखी विनंती द्या, मुख्य कार्यालयाकडून उत्तर येतं.

वाटेत कापले जाणारे डॉलर

कोल्हापुरातून निघालेला डॉलर थेट दुबईला किंवा लंडनला जात नाही. आपली शाखा मुंबईला कळवते, मुंबईहून स्विफ्टचा संदेश जातो, न्यूयॉर्कमधल्या एखाद्या बँकेत आपल्या बँकेचं खातं असतं तिथून पैसा हलतो, आणि मग तो समोरच्या बँकेत पोचतो. एसटी जशी प्रत्येक थांब्यावर थांबत जाते, तसा हा पैसा थांबत जातो, आणि मधली प्रत्येक बँक आपलं शुल्क कापू शकते. पंधरा, वीस, पंचवीस डॉलर.

रक्कम छोटी, पण परिणाम मोठा. आमच्या ओळखीच्या एका दांपत्याने मुलाच्या इंग्लंडमधल्या घरासाठी सॉलिसिटरच्या खात्यात पैसे पाठवले. ठरल्यापेक्षा वीस-पंचवीस पौंड कमी पोचले. सॉलिसिटरने सांगितलं, पूर्ण रक्कम येईपर्यंत व्यवहार पुढे जाणार नाही. तेवढ्या पंचवीस पौंडांसाठी पुन्हा फॉर्म, पुन्हा कमिशन, पुन्हा दोन-तीन दिवस. त्या दिवसांत घरातल्या कुणाला झोप नव्हती.

हे टाळता येतं. स्विफ्टच्या फॉर्मवर शुल्क कुणी सोसायचं याचे तीन पर्याय असतात. 'अवर' म्हणजे सगळं शुल्क पाठवणाऱ्याने, 'बेन' म्हणजे सगळं घेणाऱ्याने, आणि 'शा' म्हणजे दोघांनी वाटून. काही न सांगितलं तर बहुतेक वेळा 'शा' लागतं, आणि मग वाटेत कापाकापी होते. घराच्या व्यवहारात 'अवर' निवडा, आणि बँकेला स्पष्ट विचारा: समोर पूर्ण रक्कम पोचण्याची हमी आहे का? डॉलरमध्ये कधीकधी 'अवर' असूनही कपात होते, म्हणून हमीचा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. समोरच्या बँकेचं पैसे जमा करण्याचं शुल्कही एजंटकडून किंवा सॉलिसिटरकडून आधी विचारून घ्या. पैसे गेल्यावर स्विफ्टची प्रत मागा. त्यात रक्कम आणि शुल्काचा पर्याय दिसतो.

आणखी एक गोष्ट. पैसे कोणत्या चलनात पाठवायचे हे आधी ठरवा. दुबईला डॉलर पाठवले आणि तिथल्या बँकेने दिरहममध्ये बदलले, तर दोनदा बदल झाला आणि दोनदा अंतर गेलं. थेट दिरहम पाठवण्याचा दर आणि डॉलरच्या वाटेने पडणारा दर, दोन्ही विचारा आणि शेवटी हाती किती दिरहम पडतात त्यावर निर्णय घ्या.

जीएसटी छोटा, टीसीएस मोठा

चलन बदलण्यावर जीएसटी लागतो. तो पूर्ण रकमेवर लागत नाही, ठरवून दिलेल्या मूल्यावर १८ टक्के लागतो. एक लाखापर्यंतच्या रकमेला मूल्य एक टक्का, किमान २५० रुपये. एक ते दहा लाखांना १,००० रुपये अधिक एक लाखावरच्या रकमेचा अर्धा टक्का. दहा लाखांच्या वर ५,५०० रुपये अधिक वरच्या रकमेचा ०.१ टक्का, आणि मूल्याची कमाल मर्यादा ६०,००० रुपये. म्हणजे ९० लाख रुपये बदलले तर मूल्य १३,५०० आणि जीएसटी २,४३० रुपये. कितीही मोठी रक्कम असली तरी एका व्यवहारात हा जीएसटी १०,८०० च्या पुढे जात नाही. तेव्हा जीएसटीने घाबरू नका. कुणी पूर्ण रकमेवर १८ टक्के सांगत असेल तर ते चुकीचं आहे.

खरी तयारी टीसीएसची हवी. घर, गुंतवणूक, भेट अशा कारणांसाठी आर्थिक वर्षात दहा लाखांपेक्षा जास्त पाठवलं, तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर गोळा करून सरकारकडे भरते. ऑक्टोबर २०२० मध्ये हा दर ५ टक्के होता. ऑक्टोबर २०२३ पासून २० झाला. सात लाखांची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून दहा लाख झाली. ९० लाख पाठवायचे असतील तर ८० लाखांवर १६ लाख टीसीएस. म्हणजे खात्यात एक कोटी सहा लाख हवेत, आणि वर बाकीचा खर्च. अनेकांचा व्यवहार इथेच अडतो. तिकडे हप्त्याची तारीख आलेली असते आणि इकडे सोळा लाख कमी पडतात.

हा पैसा बुडत नाही. तो तुमच्या नावावर आगाऊ भरलेला कर आहे. विवरणपत्र भरताना तो तुमच्या करातून वजा होतो आणि उरलेला परत मिळतो. उत्पन्न नसलेल्या गृहिणीच्या नावाने पाठवलेल्या रकमेचा टीसीएसही परत मिळतो, मात्र तिने विवरणपत्र भरलं पाहिजे. नोकरदाराला ऑक्टोबर २०२४ पासून आणखी एक सोय आहे: हा टीसीएस मालकाला कळवून पगारातली करकपात कमी करून घेता येते. बाकीच्यांना पैसा अडकतो किती काळ, एवढाच प्रश्न. मे महिन्यात पाठवला तर पुढच्या वर्षीच्या विवरणपत्रापर्यंत वर्षभराहून जास्त. मार्चमध्ये पाठवला तर काही महिन्यांतच परताव्याची वाट मोकळी होते. शिवाय एक हप्ता मार्चअखेर आणि दुसरा एप्रिलमध्ये पाठवला, तर दहा लाखांची सूट दोन्ही वर्षांत मिळते. ही सूट माणशी आहे आणि सगळ्या बँकांतल्या व्यवहारांना मिळून आहे, हे मात्र विसरू नका.

परस्पर व्यवहाराचा मोह

या सगळ्या खर्चाचा आकडा ऐकला, की कुणीतरी हमखास भेटतो आणि म्हणतो, "इथं रोख द्या, तिकडं दिरहम मिळतील. बँकेचं, टीसीएसचं काही लागत नाही." मी हात जोडून सांगते, या वाटेला जाऊ नका. हे फेमा १९९९ या परकीय चलनविषयक कायद्याचं सरळ उल्लंघन आहे. दंड व्यवहाराच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो, आणि तिकडच्या मालमत्तेच्या किमतीइतकी तुमची इथली मालमत्ता जप्त होऊ शकते. गावातलं राहतं घर पणाला लावून दुबईचा फ्लॅट घेण्यात काय अर्थ आहे? वर असं घर पुढे विकायचं झालं, तर त्याचा पैसा कायदेशीर मार्गाने भारतात आणताना मूळ पैसा कसा गेला होता, हे कागदावर दाखवावं लागतं. तो कागदच नसतो.

घर घेतल्यानंतरही खर्च चालू

घर झालं म्हणजे बँकेशी संबंध संपला असं नाही. दुबईच्या फ्लॅटला दरवर्षी सर्व्हिस चार्ज भरावा लागतो. रक्कम छोटी असते, आणि तिथे कमिशन, स्विफ्ट शुल्क यांचा भार टक्केवारीत जास्त पडतो. दर तिमाहीला पाठवण्यापेक्षा वर्षाचं एकदम पाठवा. भाडं इकडे येतं तेव्हा बँक तुमचे डॉलर विकत घेते, आणि त्या दरातही अंतर असतं. घासाघीस तिथेही करा. पाठवलेले पैसे व्यवहार फिसकटल्यामुळे वापरले गेले नाहीत, तर ते १८० दिवसांत परत आणायचे असतात.

आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं वेगळं परिशिष्ट आहे. त्यात घराची आणि तिथल्या बँक खात्याची नोंद दरवर्षी करा, भाडं येत नसलं तरी. लपवलं तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड आहे. ए-टू फॉर्म, बँकेची डेबिट सूचना, स्विफ्टची प्रत, टीसीएसचं प्रमाणपत्र, खरेदीखत, सगळं एका फाईलमध्ये लावून ठेवा. पंधरा वर्षांनी घर विकताना हीच फाईल मुलांच्या कामाला येईल.

बँकेला काय विचारायचं?

ए-टू फॉर्मवर सही करण्याआधी शाखेला ईमेल करा आणि एवढंच विचारा: माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील, आणि समोरच्या खात्यात नेमके किती दिरहम, पौंड किंवा डॉलर पडतील? टीसीएस वेगळा दाखवा. हाच ईमेल त्याच दिवशी, त्याच वेळेला दुसऱ्या बँकेलाही पाठवा. टीसीएस सोडून गेलेल्या रुपयांना पोचलेल्या चलनाने भागा. जो आकडा येईल तो तुमचा खरा दर. कमिशन, स्विफ्ट, जीएसटी, दरातलं अंतर, सगळं त्यात आलं. दोन बँकांचे दोन आकडे समोर ठेवले, की निर्णयाला कुणाच्या सल्ल्याची गरज राहत नाही.

शाखेने लेखी उत्तर टाळलं तर तो ग्राहकाचा अवमान समजा आणि दुसरी बँक धरा. सांगितलं एक आणि लावलं एक असं झालं, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे, तक्रार ऑनलाइन विनामूल्य करता येते. तक्रारीच्या वेळी तो ईमेलच तुमचा पुरावा असेल.

बँकेने शुल्क घ्यावं, ती सेवा देते. पण घेतलेला प्रत्येक रुपया ग्राहकाला दिसला पाहिजे, हा आपला हक्क आहे. कोल्हापूरच्या कारखानदाराने तो पाच-पाच पैशांसाठी भांडून मिळवला. घर घेणाऱ्या आई-वडिलांनीही तो मागावा, संकोच न करता, आणि सही करण्याआधी.